आधी टाकी, मग पंप

दसऱ्याच्या आसपास नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या मोंढ्यात सोयाबीन यायला लागले की तालुक्यातल्या जुन्या पिकअप गाड्यांना उसंत राहत नाही. खळ्यावरचे कट्टे मोंढ्यात, मोंढ्यातले बियाणे-खत गावात, भाजीपाला तेलंगणातल्या म्हैसा गावाकडे किंवा नांदेडला, आठवडी बाजाराची शेळ्या-मेंढ्यांची ने-आण; हा सगळा व्यवहार प्रामुख्याने दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आलेल्या, दहा-पंधरा वर्षे पळालेल्या डिझेल गाड्यांच्या जिवावर चालतो. नेमक्या याच दिवसांत एखादी गाडी सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी संपवते, नाहीतर भरल्या हौद्याने चढावर दम तोडते. ‘डिझेल ओढत नाही’ एवढे निदान होते आणि ‘पंपाचं काम आलं’ हा निकाल लागतो. इंजिनाचा डिझेल पंप उतरवला जातो, पन्नासेक किलोमीटरवर नांदेडला जातो, तीन-चार दिवस गाडी उभी राहते, हजारोंचे बिल होते. पंप परत बसल्यावर पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा तशीच रुसली तर दोष पंपवाल्यावर, डिझेलवर किंवा नशिबावर टाकला जातो. जुन्या डिझेल गाडीतला इंधनाचा बिघाड टाकीपासून सुरू करून क्रमाने शोधला पाहिजे, आणि त्या शोधण्याच्या कामाची मजुरी वेगळी व सन्मानाने दिली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. भाग बदलूनही बिघाड तसाच राहतो, याचे मोठे कारण हेच आहे.

हे म्हणणे पटायला डिझेलची वाट समजून घ्यावी लागेल. या इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते की तीत उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. साहजिकच फवारा वेळेवर, मापात आणि बारीक थेंबांचा असावा लागतो. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये हे काम करणारा पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे डिझेल इंजिन मालमोटारीत सोयीने बसू लागले. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने हेच पंप बनवले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘मायको पंप’च आहे. या पंपातला प्लंजर आणि त्याभोवतीचे बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इतक्या नाजूक वस्तूला तेलपाणी कोण करते, तर आतून वाहणारे डिझेलच. बऱ्याच पिकअप गाड्यांत बसणारा रोटरी पंप तर पूर्णपणे डिझेलच्याच ओलाव्यावर जगतो. म्हणजे पंपाचे आयुष्य त्याच्या आधीच्या वाटेवर ठरते. टाकी, तोंडाची जाळी, नळ्या, फीड पंप, पाणी वेगळे करणारी वाटी आणि फिल्टर यांनी जे अडवले नाही, तेच पंपाला खाते. पंप खरोखरच गेला असला, तरीही आधी टाकीकडेच जावे लागते. गंजाचा गाळ आणि पाणी जागच्या जागी ठेवून नवा पंप बसवणे म्हणजे त्याचीही तीच गत करणे.

या वाटेचे दोन भाग आहेत, आणि गल्लत तिथेच होते. पंपापासून नोझलपर्यंतचा भाग मोठ्या दाबाचा असतो. जुन्या यांत्रिक गाड्यांत नोझल सुमारे दोनशे ते अडीचशे बार दाबाला उघडते. तिथे गळती झाली तर डिझेल बाहेर येते, वास येतो, डोळ्यांना दिसते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग मात्र ओढीचा असतो. तिथल्या रबरी नळीला बारीक चीर गेली, क्लिप सैल झाली किंवा जोडावरचा तांब्याचा वायसर दबून चपटा झाला, तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही. हवा आत ओढली जाते. इंजिन बंद झाले की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल रात्रभरात टाकीकडे उतरते. सकाळी सेल्फ मारला की पंपाला हवा मिळते, आणि डिझेल जसे दाब पोचवते तसा हवा पोचवत नाही. मिस्त्री हॅण्ड पंप मारतो, एअर काढतो, गाडी दिवसभर बिनबोभाट पळते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. हे लक्षण ओढीच्या नळीकडे बोट दाखवते. पंप उतरवायचे कारण त्यात नाही. ‘कुठेच ठिबकत नाही, मग नळी चांगली आहे’ हा अंदाज इथेच फसतो. थंडी पडली की ‘डिझेल गोठलं’ असेही म्हटले जाते. पण डिझेलच्या भारतीय मानकात हिवाळ्यासाठी प्रवाहबिंदूची (ज्याखाली डिझेल वाहत नाही त्या तापमानाची) मर्यादा ३ अंश सेल्सिअस आहे, आणि नांदेड जिल्ह्यातल्या थंडीचा पारा सहसा त्याच्या बराच वर राहतो. थंड सकाळचा दोष डिझेलच्या गोठण्यापेक्षा थकलेली बॅटरी, जळालेले ग्लो प्लग किंवा ही हवेची फट यांत असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

क्रमाने शोधण्याला महागडी साधने लागत नाहीत. पहिला पुरावा सायलेन्सरच देतो. सेल्फ मारताना जराही धूर नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही, आणि मग शोध ग्लो प्लग, टायमिंग, कॉम्प्रेशनकडे वळवावा. चालत्या गाडीचा काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचे सांगतो, आणि तेव्हा नोझलला हात लावण्याआधी एअर फिल्टर उघडून पाहावा. त्यानंतर टाकीचे झाकण. डिझेल जाते तसतशी त्याच्या जागी हवा यायला हवी. झाकणाचे श्वासाचे छिद्र धुळीने बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते, गाडी तासभर चालून मरते आणि थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू होते. झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर दोष तिथेच सापडला आणि खर्च शून्य. पुढची परीक्षा सगळ्यांत निर्णायक आहे. यांत्रिक पंपाच्या गाडीत टाकी बाजूला ठेवायची, स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर सुरक्षित बांधायचा आणि ओढीची व परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडून गाडी चालवून पाहायची. गाडी नीट चालली तर बिघाड टाकी ते पंप या टप्प्यात आहे, पंप निर्दोष आहे. अर्ध्या तासाच्या या कामाने निम्मी वाट संशयातून मोकळी होते. पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, मग वाद उरत नाही.

रिकामी गाडी छान पळते आणि कट्टे भरले की दम तोडते, हे लक्षणही असेच वाचता येते. इंजिन मोकळे फिरताना डिझेल थोडेच लागते. चढावर, ओझ्याखाली त्याच्या अनेक पटींनी लागते. तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतली गाळाने भरलेली जाळी थोडे डिझेल जाऊ देते, जास्त जाऊ देत नाही. अशा वेळी पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवणे म्हणजे तहानलेल्याच्या गळ्यातला घास न काढता त्याच्यावर ओरडणे. फिल्टर बदलावा, वाटीतले पाणी सोडावे, जाळी काढून धुवावी. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी-जिवाणू वाढतात आणि शेवाळासारखा काळपट चिकट थर जाळीवर बसतो. तो थर दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते. मग फीड पंपाच्या झडपा पाहाव्यात. रोटरी पंपावरचे स्टॉप सोलेनॉइडही पाहावे. चावी फिरवल्यावर त्याचा ‘टक्’ आवाज आला नाही, तर तुटलेल्या एका वायरने डिझेल अडवलेले असू शकते. यांत्रिक गाडीत चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करून पाहता येते. ज्याने इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आळशी. मात्र हा प्रयोग नव्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेल गाडीवर कधीही करू नये. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि सुईएवढी धार कातडी भेदून हातात शिरते. असे झाले तर जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. एवढे सगळे झाल्यावरही दोष सापडला नाही, तर पंप आणि नोझल तपासणी टेबलावर पाठवणे योग्यच आहे. पंपाचे काम कधीच लागत नाही असे कोणी म्हणू नये. ते शेवटी लागते, एवढेच खरे.

यावर पहिला आक्षेप मालकाचा असेल, आणि तो खोटा नाही. सुगीच्या दिवसांत गाडी दारात उभी राहणे म्हणजे भाडे बुडणे, शेतकऱ्याचा माल भिजणे, अडत्याचा शब्द मोडणे. अशा वेळी एकेक गोष्ट तपासत बसायला वेळ कुणाला आहे? पण हिशेब करून पाहावा. वर सांगितलेला सगळा क्रम सावकाश केला तरी एका दिवसाच्या आत संपतो, तर पंप नांदेडला नेणे, रांगेत ठेवणे आणि परत बसवणे यात तीन-चार दिवस सहज जातात. शिवाय पहिल्या वाटेने चूक झाली तर फार तर एक दिवस वाया जातो. दुसऱ्या वाटेने चूक झाली तर पैसा जातो, दिवस जातात आणि बिघाड घरीच राहतो. घाई असते तेव्हाच क्रम पाळावा लागतो, कारण घाईत केलेला चुकीचा अंदाज सगळ्यांत महाग पडतो. त्याहून शहाणपणाचे म्हणजे हे काम सुगीआधी, भाद्रपदात करून ठेवणे. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्री आतून घामेजते आणि ते पाणी तळाशी साचत जाते. संध्याकाळी टाकी भरून ठेवणे आणि आठवड्याला वाटीतले पाणी सोडणे एवढ्याने निम्मे दुखणे टळते.

दुसरा आक्षेप असा की दोष डिझेलचाच आहे, मिस्त्री आणि मालक काय करणार? भेसळ हा भ्रम नाही, हे महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाच्या काळ्या धंद्याची तपासणी करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रॉकेल मिसळलेले डिझेल पातळ आणि कोरडे असते. पंपाच्या प्लंजरला ते ओलावा देत नाही आणि घासण वाढते. आता रेशनच्या रॉकेलचा पुरवठा बराच आटला आहे, पण संशय मनात ठेवण्यापेक्षा तो तपासावा. पेट्रोल पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे, आणि घनता व माप तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तापमानाचा हिशेब करून आलेली घनता नोंदलेल्या आकड्यापेक्षा तीन एककांहून जास्त वेगळी असेल, तर तक्रारीला आधार मिळतो. याच आक्षेपाचे दुसरे रूप म्हणजे ‘नव्या डिझेलने जुने पंप खाल्ले’. त्यातही तथ्याचा अंश आहे. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती, एप्रिल २०१७ पासून देशभर आलेल्या बीएस-४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती १० आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये असे डिझेल आले तेव्हा पंप झिजण्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यातून धडा घेऊन वंगणगुणाची कसोटी मानकांत आली. भारतीय मानकातही ती आहे आणि कारखान्यातच त्यासाठी पूरक द्रव्य मिसळले जाते. तेव्हा बीएस-६ डिझेलने पंप सरसकट मरतो असे म्हणता येत नाही. इंधनाची घडण बदलली की जुने, कडक झालेले रबरी सील आकसून गळू शकतात, हे मात्र खरे. आणि तो पुन्हा तपासून, थोड्या खर्चात सुधारण्याचाच दोष आहे. शिवाय आपल्या हातची भेसळही मान्य करायला हवी. ट्रॅक्टरसाठी उघड्यावर ठेवलेले ड्रम, औषधाचे धुतलेले कॅन, धुळीने माखलेले नरसाळे यांतून टाकीत काय काय जाते, याचा दोष कुठल्याही पेट्रोल पंपावर टाकता येणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जुन्या डिझेल गाड्या धूर ओकतात, मग त्या जगवायच्या कशाला, मोडीतच काढाव्यात. शहराच्या हवेचा प्रश्न खरा आहे आणि डिझेलच्या धुराने होणारे नुकसानही खरे आहे; ते नाकारून ग्रामीण गरजेची ढाल पुढे करणे मला पटत नाही. परंतु २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा कणा गाडीच्या फिटनेसची तपासणी हाच आहे. निव्वळ वयाची अट मराठवाड्यात नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावेच लागते. जी गाडी त्यात बसत नाही ती रस्त्यावरून गेलीच पाहिजे. पण काळा धूर पुष्कळदा थेंब टाकणारे नोझल, तुंबलेला एअर फिल्टर आणि वाढवून ठेवलेला पंपाचा स्क्रू यांचा असतो. पंपाचा स्क्रू पिळून ‘पिकअप वाढवलेली’ गाडी तर मालकाच्याच पैशाने हवा बिघडवते. नीट निदान झालेली जुनी गाडी नव्या बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ होणार नाही, पण आज आहे त्याहून खूप कमी धूर सोडेल आणि कमी डिझेल पिईल. नव्या गाडीचा हप्ता ज्याला झेपत नाही त्याच्या बाबतीत आजपासून करता येण्यासारखी प्रदूषणाविरुद्धची पहिली कृती हीच आहे.

उरतो मिस्त्रीचा आक्षेप, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. तो म्हणेल, ‘नळी बदलली म्हणून सांगितलं तर लोक चहाचे पैसे देतात, पंप उतरवला तर मजुरी देतात.’ हे अगदी खरे आहे, आणि यात दोष मिस्त्रीपेक्षा आपला जास्त आहे. डॉक्टरने नाडी पाहून साधी गोळी दिली तरी आपण तपासणीचे पैसे देतो. मिस्त्रीने दोन तास गाडीखाली पडून तांब्याचा एक वायसर बदलला तर मात्र ‘एवढ्यासाठी एवढे?’ असे विचारतो. किंमत वायसरची नसते, तोच वायसर दोषी आहे हे ओळखण्याची असते. आपण ती देत नाही, म्हणून प्रामाणिक मिस्त्रीलाही मोठे काम सांगण्याचा मोह होतो आणि नव्या पोरांना शोधण्यापेक्षा बदलणे सोपे वाटू लागते. कोणी म्हणेल, आता स्कॅनर आले, हे कसब लवकरच कालबाह्य होईल. पण स्कॅनर रेलमधला दाब कमी आहे एवढे सांगतो. तो का कमी आहे, हे फिल्टर, नळी, टाकीची जाळी पाहिल्याशिवाय कळत नाही. कॉमन रेलच्या गाडीतही डिझेल टाकीतूनच निघते. उलट तिथले भाग इतके महाग आहेत की चुकीच्या अंदाजाची शिक्षा अनेक पटींनी वाढली आहे.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत त्या करायला हव्यात. गॅरेजच्या भिंतीवर सुट्या भागांच्या दरांशेजारी ‘तपासणीची मजुरी’ हा वेगळा आकडा लिहिला जावा, आणि मालकाने तो घासाघीस न करता द्यावा. त्या बदल्यात मिस्त्रीने काय काय तपासले ते कागदावर लिहून द्यावे आणि काढलेला जुना भाग दाखवावा. मालकाने पंप उतरवायला होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: कॅन लावून पाहिला का? आयटीआयमधल्या एक वर्षाच्या मेकॅनिक डिझेल अभ्यासक्रमात इंधन यंत्रणा शिकवली जातेच. पण मुद्दाम बिघडवलेली गाडी समोर ठेवून, कमीत कमी भाग उघडत दोष शोधण्याची परीक्षा असावी, आणि त्यासाठी गावातल्या अनुभवी मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे. त्यांच्या हातातली विद्या पुस्तकात नाही आणि ती त्यांच्याबरोबर संपू देणे हे आपले मोठे नुकसान आहे. बाजार समितीने भाद्रपदात मोंढ्याच्या आवारात दोन दिवसांचे गाडी-तपासणी शिबिर घेतले, पाणी सोडणे, फिल्टर, नळ्या, झाकण एवढेच पाहिले, तरी सुगीत वाटेत बंद पडणाऱ्या कितीतरी गाड्या मालासह मोंढ्यात पोचतील.

भोकरसारख्या तालुक्यात जुनी पिकअप गाडी ही एका कुटुंबाची रोजी असते आणि तिच्यामागे दहा शेतांचा माल थांबलेला असतो. तिच्यावर खर्च होणारा प्रत्येक अनाठायी रुपया कुणाच्या तरी बियाण्याचा, कुणाच्या तरी शाळेच्या फीचा असतो. तो वाचवणारा माणूस गाडीखाली पाठीवर झोपून, हातभर नळी बोटांनी चाचपत चीर शोधत असतो. त्या शोधण्याला आपण मोल दिले, तर पंपाआधी टाकी पाहणे त्याला परवडेल. आणि त्याला ते परवडले, तरच आपल्याला परवडणार आहे.